दारावरची पाटी काढली, मग आतलं काम कुठे गेलं?

पारिजातक_टेक्सास
नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती विभागात वाचनमात्र असते, पण हा विषय दीड-दोन वर्षं डोक्यात घोळतोय, म्हणून धागा काढतेय.

टेक्सासमधल्या एका सरकारी विद्यापीठात मी विद्यार्थी-साहाय्याचं काम करते. (नाव विचारू नका, सांगणार नाही.) डिसेंबर २०२३मध्ये, नाताळच्या सुट्टीआधीच्या शुक्रवारी, मेंटेनन्सचा माणूस स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला, आमच्या दारावरची पाटी उतरवली आणि माझ्या हातात देऊन म्हणाला, 'ही कुठे ठेवायची ते मला सांगितलेलं नाही.' पाटीवर तीन शब्द होते, डायव्हर्सिटी, इक्विटी, इन्क्लूजन (विविधता, समन्याय, समावेश; थोडक्यात डीईआय). भिंतीवर तेवढाच चौकोन पांढरा राहिला, कारण बाकीची भिंत मळली होती. जानेवारीत तिथे दुसरी पाटी आली, उन्हाळ्यात तिसरी. तिसरीवर 'स्टुडंट सक्सेस' असं काहीतरी आहे. तो चौकोन अजून कुठल्याच पाटीने पूर्ण झाकलेला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एसबी १७ हा कायदा गव्हर्नर ॲबट यांच्या सहीने जून २०२३मध्ये झाला आणि १ जानेवारी २०२४ला लागू झाला. राज्याच्या विद्यापीठांत डीईआय ऑफिस ठेवायचं नाही, सक्तीचं डीईआय प्रशिक्षण द्यायचं नाही, नोकरी देताना उमेदवाराकडून 'डायव्हर्सिटी स्टेटमेंट' (विविधतेसाठी आपण काय केलं, काय करू ह्याचं निवेदन) मागायचं नाही. आम्ही नियम पाळतोय असं विद्यापीठाच्या मंडळाने लिहून दिल्याशिवाय राज्याचा पैसा खर्च करता येत नाही. वर्गातलं शिकवणं, संशोधन, विद्यार्थी संघटना आणि प्रवेशप्रक्रिया यांना कायद्यात सूट आहे.

माझी नोकरी टिकली, पगार तोच. नवरा म्हणतो, 'मग तू रडतेस कशाला?' तेच तुम्हाला विचारतेय. ज्यांनी ही ऑफिसं आतून पाहिलीत, चालवलीत, किंवा ज्यांना त्यांचा वैताग आला होता, त्यांनी सांगा: नक्की काय गेलं? आणि जे गेलं ते जाण्याच्याच लायकीचं होतं का? दोन्ही बाजू वाचेन. फक्त व्हॉट्सॲप फॉरवर्ड नकोत.

बेसमेंटमधला_बंडू
पहिला! चिवडा घेऊन बसलोय.

दोन_पोरांचा_बाप
ताई, राग मानू नका, पण बरं झालं गेलं ते. आमच्यासारख्यांची पोरं रात्री दोनपर्यंत अभ्यास करणार, आणि प्रवेशाच्या वेळी 'तुमच्यासारखे खूप आहेत' म्हणून बाहेर. मोठ्याचं असंच झालं, ऑस्टिनला हवा तो कोर्स मिळाला नाही. धाकट्याला तरी न्याय मिळेल.

खडीसाखर
@दोन_पोरांचा_बाप, काका, थोडी गल्लत होतेय. तीन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत घातल्यात तुम्ही.

प्रवेशात वंश बघायचा नाही, हा सुप्रीम कोर्टाचा निकाल २९ जून २०२३चा, हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाविरुद्धच्या खटल्यातला. एसबी १७ वेगळा, तो ऑफिसं, प्रशिक्षण आणि नोकरभरतीबद्दल. पारिजातकताईंनी लिहिलंयच की प्रवेशाला त्यात सूट आहे. आणि ऑस्टिनचा प्रवेश ही तिसरीच भानगड. १९९६मध्ये हॉपवूड खटल्यात कोर्टाने टेक्सासात वंशाचा विचार बंद केला, त्यावर तोडगा म्हणून १९९७मध्ये विधिमंडळाने 'टॉप टेन पर्सेंट' कायदा केला. राज्यातल्या कुठल्याही शाळेतले वरचे दहा टक्के थेट आत. ऑस्टिनला एवढी गर्दी व्हायला लागली की तिथे राज्यातल्या मुलांच्या तीन चतुर्थांश जागा अशा भरायच्या आणि टक्का त्या हिशोबाने खाली आणायचा असं ठरलं. बरीच वर्षं तो सहा होता, २०२६च्या प्रवेशासाठी पाच केलाय.

त्यामुळे तुमच्या मोठ्याच्या आड डीईआय ऑफिस आलंच नव्हतं. आडवे आले ते त्याच्याच शाळेतले पुढचे पाच-पंचवीस देशपांडे, रेड्डी आणि चेन.

बेसमेंटमधला_बंडू
खिक्. 'पुढचे पाच-पंचवीस देशपांडे' हे आमच्या फ्रिस्कोच्या शाळेचं अधिकृत घोषवाक्य करा.

दोन_पोरांचा_बाप
@खडीसाखर, सहा टक्क्यांचं माहीत आहे हो, तेच तर म्हणतोय. कुठल्यातरी आडगावच्या शाळेतला पहिला आलेला आमच्या इथल्या चाळिसाव्याएवढाही नसतो. तो आत, आमचा बाहेर. हे मागच्या दाराने डीईआयच नाही का?

खडीसाखर
मग आडगावच्या शाळेत घाला की. घरंही स्वस्त असतील तिथे. (हलके घ्या.)

चकलीचा_साचा
मी वैताग आलेल्यांपैकी. दुसऱ्या एका राज्यात सरकारी विद्यापीठाच्या आयटीत आहे. दर वर्षी चाळीस मिनिटांचं ऑनलाइन प्रशिक्षण. त्यात कार्टून माणसं, एक जांभळ्या केसांची, एक चाकाच्या खुर्चीतला, एक नाव 'राज' असलेला. राज नेहमी गोंधळलेला. शेवटी दहा प्रश्न. 'सहकाऱ्याचं नाव उच्चारता येत नसेल तर काय कराल? अ) टोपणनाव द्याल ब) टाळाल क) विचाराल'. आठ वर्षं मी 'क' दाबतोय आणि आठ वर्षं माझा मॅनेजर मला 'श्री' म्हणतोय. माझं नाव श्रीनिवास नाही, श्रीकांत नाही, श्रीरंग आहे, ह्याचा पत्ता त्याला पाचव्या वर्षी लागला.

हे गेलं तर मला सुतक नाही. पण ताईंचं काम हे नसावं, असं वाटतंय वाचून.

मिशिगनचा_बर्फ
मी ॲन आर्बरला सहा वर्षं काढली, तेव्हा थोडं तिथलं सांगतो.

मिशिगनमध्ये २००६ सालीच लोकांनी मतदान करून (प्रपोजल २) सरकारी विद्यापीठांत वंशाधारित प्राधान्य बंद केलं होतं. त्यामुळे २०१६मध्ये विद्यापीठाने जी प्रचंड डीईआय योजना आणली तिला प्रवेशात काही करायची सोयच नव्हती. मग काय करणार? वातावरण सुधारणार. प्रत्येक विभागाची योजना, प्रत्येक योजनेचा अहवाल, अहवालाचं मूल्यमापन. देशभरात तिचा गाजावाजा झाला. पण बी.ए.-बी.एस.च्या वर्गांतली कृष्णवर्णीय मुलं २००६ साली सात टक्के होती, ती २०२१मध्ये चार टक्क्यांवर आली होती. हे विद्यापीठाने स्वतःच सुप्रीम कोर्टाला कळवलंय, विरोधकांचा आकडा नाही. डिसेंबर २०२४मध्ये नोकरी-बढतीतली डायव्हर्सिटी स्टेटमेंट बंद केली, मार्च २०२५मध्ये मुख्य ऑफिसच बंद.

आता स्टेटमेंटबद्दल. पोस्टडॉक संपताना मी अशी एकवीस स्टेटमेंटं लिहिली, वेगवेगळ्या ठिकाणी. सुरुवातीला प्रामाणिकपणे लिहिलं की नांदेडहून आलो, आठवीपर्यंत वर्गात बेंच नव्हते, कोणाला काय अडतं ते मला कळतं. एका भल्या माणसाने वाचून सांगितलं, 'हे चालणार नाही, ह्यात त्यांचे शब्द नाहीत.' मग त्यांचे शब्द घातले. बाराव्यापासून मुलाखती यायला लागल्या. नांदेड काढून टाकलं होतं मी त्यातून! म्हणजे विविधता दाखवायला माझं वेगळेपण पुसावं लागलं. हा प्रकार बंद झाला ह्याचा मला आनंद आहे आणि त्यासाठी मी कुणाची माफी मागणार नाही.

पण त्याच विद्यापीठात 'गो ब्लू गॅरंटी' आहे, २०१८पासून. सुरुवातीला राज्यातल्या ६५,००० डॉलरपर्यंतच्या उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना ट्यूशन माफ होती, नंतर मर्यादा वाढवली. तिच्या नावात ना डायव्हर्सिटी ना इक्विटी. माझ्या लॅबमधली दोन पोरं त्यावर शिकली. त्या योजनेच्या वाटेला कुणी गेलेलं नाही.

चकलीचा_साचा
+१. 'नांदेड काढून टाकलं' वाचून हसावं की रडावं कळेना.

प्राध्यापक_निवृत्त
धागा चांगला आहे. थोडं मागे जातो, सवय आहे, सांभाळून घ्या.

'डायव्हर्सिटी' हा शब्द अमेरिकन विद्यापीठांच्या मानगुटीवर बसला कसा, हे पाहण्यासारखं आहे. कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस येथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात १००पैकी १६ जागा अल्पसंख्याकांसाठी राखून ठेवल्या होत्या. ॲलन बॅकी नावाच्या गोऱ्या उमेदवाराने दावा लावला. १९७८मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जागा राखता येणार नाहीत. मात्र न्यायमूर्ती पॉवेल यांनी एक फट ठेवली. समाजातल्या जुन्या अन्यायाची भरपाई हे कारण विद्यापीठाला देता येणार नाही, पण वर्गात तऱ्हेतऱ्हेचे विद्यार्थी असले तर सगळ्यांचंच शिक्षण चांगलं होतं, हे कारण चालेल. त्या दिवसापासून विद्यापीठांच्या वकिलांनी 'अन्याय' हा शब्द कपाटात ठेवला आणि 'विविधता' बाहेर काढला. पंचेचाळीस वर्षं त्यावर रेटलं.

आपल्याकडे उलट. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या, तेव्हा 'आमच्या कचेऱ्या अधिक रंगीबेरंगी दिसाव्यात' असं कारण नव्हतं. एका जातीच्या हाती सगळं आहे आणि बाकीच्यांना शिकू दिलेलं नाही, हे उघड कारण. १९५१ला कॉलेजप्रवेशातल्या जातवार जागांवरचा मद्रासचा चंपकम दोराईराजन खटला सरकार हरलं, तर घटनाच दुरुस्त करून मागास वर्गांसाठी खास तरतूद करू देणारं कलम १५(४) घातलं. आपण अन्यायाला अन्याय म्हणालो. म्हणून बिंदुनामावलीवर, म्हणजे राखीव जागांच्या क्रमतक्त्यावर, कितीही भांडणं झाली तरी ती कशासाठी आहे ते शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सर्वांना ठाऊक असतं. अमेरिकेत ज्याला मदत करायची त्याचं नाव घ्यायची चोरी, म्हणून पाटीवर गुळगुळीत शब्द. गुळगुळीत पाटी काढायला एक स्क्रू-ड्रायव्हर पुरतो.

दोन_पोरांचा_बाप
सर, आदर आहे, पण आरक्षणाचं इथे आणू नका. त्यामुळेच आम्ही देश सोडला.

वऱ्हाडी_ठेचा
@दोन_पोरांचा_बाप, देश सोडला की एच-वन मिळाला? दोन्ही एकच नाही जी.

निळी_शाई
बरेच दिवस इथे लिहिलेलं नाही, आज लिहितो.

मी बे एरियात. कॅल स्टेटच्या एका कॅम्पसमध्ये मास्टर्स केलं, नंतर इथेच. सरांनी 'नाव घ्यायची चोरी' म्हटलं, त्याचं एक उलटं उदाहरण. जानेवारी २०२२मध्ये कॅल स्टेट विद्यापीठाने, म्हणजे तेव्हाच्या २३ कॅम्पसनी, भेदभावविरोधी धोरणात 'जात' हा शब्द घातला. त्याच्या थोडं आधी यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) डेव्हिसने घातला होता. २०२३च्या फेब्रुवारीत सिॲटल शहराने, तो ठराव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत जन्माने पुण्याच्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने राज्यभरासाठी एसबी ४०३ मंजूर केलं, पण ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी सही नाकारली. म्हणाले, सध्याच्या कायद्यात हे येतंच.

येत असेल. माझा अनुभव असा. पहिल्या सेमिस्टरला सहा मुलं मिळून अपार्टमेंट घेतलं, चार मराठी. पहिल्याच रविवारी पोहे करत असताना एकाने विचारलं, 'आडनाव काय रे तुझं?' सांगितलं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून कळत नाही. मग 'मूळ गाव कुठलं?' मग 'गावात कुठे घर?' मग 'घरी देव कुठला?' कांदा चिरता चिरता, हसत हसत. चौथ्या प्रश्नाला मी खरं सांगितलं. भांडण नाही, शिवी नाही. पुढच्या महिन्यात मात्र स्वयंपाकाच्या पाळ्यांचा तक्ता नव्याने लागला आणि त्यात माझ्याकडे फक्त भांडी आणि कचरा. 'तुला स्वयंपाक जमत नाही ना फारसा.' पोहे मीच केले होते त्या रविवारी.

हे कुणाला सांगायचं? २०१६ची गोष्ट. मी कॅम्पसच्या ऑफिसात गेलो, तिथल्या बाईंनी मन लावून ऐकलं आणि त्यांच्या स्क्रीनवर भेदभावाच्या प्रकारांची यादी उघडली. वंश, वर्ण, धर्म, राष्ट्रीयत्व, लिंग. त्यांनी तीनदा वरखाली केली. मग म्हणाल्या, 'इतर' मध्ये टाकू का? मी म्हटलं राहू द्या.

त्यामुळे पारिजातकताई, काय गेलं ह्यावर माझं उत्तर: तिथे ऐकणारं माणूस होतं, पण त्याच्या यादीत माझा शब्द नव्हता. आता यादीत शब्द आहे, पण ऐकणारं माणूस किती दिवस राहील ते बघायचं.

अटलांटाचे_आबा
अमेरिकेत जातबीत काही नसतं. आमच्या मंडळात गेल्या वीस वर्षांत कुणी कुणाला जात विचारलेली नाही.

निळी_शाई
@आबा, मंडळाच्या गेल्या वीस वर्षांतल्या अध्यक्षांची आडनावं इथे टंकता का?

बेसमेंटमधला_बंडू
आबा टाइप करत आहेत…
आबा टाइप करत आहेत…

अटलांटाचे_आबा
हा विषय मुद्दाम पेटवला जातोय. शिवाय ह्या धोरणांमुळे प्रत्येक हिंदू मुलाकडे संशयाने बघतील. त्याचं काय? कॅल स्टेटच्याच दोन प्राध्यापकांनी ह्याविरुद्ध कोर्टात धाव घेतली होती, ती उगाच नाही. माझा नात्यातला एक मुलगा शिकवतो, त्याला ही भीती खरोखर वाटते. ती तुम्ही हसण्यावारी नेऊ नका.

निळी_शाई
भीती हसण्यावारी नेत नाही. भीती मलाही माहीत आहे. इथे थांबतो.

संपादक मंडळ
वैयक्तिक मापं काढणारे दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. जातीवर चर्चा करायला हरकत नाही, सभासदांच्या जातीवर नको. मूळ धाग्याकडे वळावे.

गोंयकार_दर्यावर
अवांतर: आमच्या कॅम्पसवर डीईआय ऑफिस दरवर्षी दिवाळीचं पोस्टर करायचं. एके वर्षी पोस्टरवर समई, ताजमहाल आणि एक उंट होता. मी ईमेल केला की बाबांनो, उंटाचा दिवाळीशी काय संबंध. उत्तर आलं, 'तुमचा दृष्टिकोन आमच्यासाठी मोलाचा आहे.' पुढच्या वर्षी दोन उंट.

चकलीचा_साचा
एकाला एकटं वाटू नये म्हणून. हेच इन्क्लूजन.

वऱ्हाडी_ठेचा
मूळ धाग्याकडे वळतो, पण अमरावतीमार्गे.

प्राध्यापक सर म्हणतात आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. सर, बिंदुनामावली ठाऊक असते, माणूस ठाऊक नसतो. मी समाजकल्याणच्या होस्टेलात राहून शिकलो. पुण्यातल्या एका मोठ्या कॉलेजात एम.एस्सी.ला आलो तेव्हा तिथे यूजीसीच्या नियमानुसार समान संधी केंद्र होतं. २०१२ला यूजीसीने समतेचे नियमसुद्धा काढले होते, भेदभावविरोधी अधिकारी नेमा म्हणून. फलक होता, छान निळ्या अक्षरातला. दाराला कुलूप. चावी कोणाकडं, तर ग्रंथपालाकडं. ग्रंथपाल म्हणे, आत झेरॉक्सचे कागद ठेवलेत, तुले काय पाहिजे?

माझी भारत सरकारची शिष्यवृत्ती आठ महिने अडकली होती, महाडीबीटीवर (शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर) अर्ज 'इन्स्टिट्यूट लेव्हलला पेंडिंग'. म्हणजे त्याच इमारतीतल्या एका क्लर्कनं बटन दाबायचं होतं. त्या बटनासाठी मी अकरा चकरा मारल्या. शेवटी दाबलं कुणी? केंद्रानं नाही, अधिकाऱ्यानं नाही. झाडूपोछा करणाऱ्या मावशी होत्या, त्यांचा पोरगा होस्टेलात माझ्या मागच्या खोलीत. त्या क्लर्कच्या टेबलाजवळ पोछा मारता मारता रोज विचारत, 'साहेब, त्या पोराचं झालं का?' नवव्या दिवशी झालं.

तर तुमच्याकडं पाटी काढून माणूस ठेवला म्हणता. आमच्याकडं पाटी ठेवून माणूस नेमलाच नव्हता. सांगा कोणतं बरं?

खडीसाखर
ठेचाभाऊ, _/\_

मिशिगनचा_बर्फ
@वऱ्हाडी_ठेचा, 'इन्स्टिट्यूट लेव्हलला पेंडिंग' वाचून दहा वर्षांनी पोटात गोळा आला.

कॅलिफोर्नियाची_सुगरण
थोडं आमच्या राज्याचं. कॅलिफोर्नियात १९९६चा प्रपोजल २०९ आहेच, म्हणजे यूसीत वंशाधारित प्राधान्य बंद होऊन जवळजवळ तीस वर्षं झाली. २०२०मध्ये तो रद्द करायचा प्रयत्न (प्रपोजल १६) मतदानात हरला, तेही इतक्या डेमोक्रॅट राज्यात. यूसीने सुप्रीम कोर्टाला सांगितलं की वंश न बघता विविधता टिकवण्याच्या उपायांवर आम्ही अर्ध्या अब्ज डॉलरपेक्षा जास्त खर्च केला, तरी पुरेसं झालं नाही. शाळांशी भागीदारी, गावोगावी माणसं पाठवणं, असं बरंच.

मी स्वतः त्यातल्या एका प्रकल्पात शनिवारी गणित शिकवायला जायचे, सेंट्रल व्हॅलीत, द्राक्षांच्या मळ्यांजवळ. तिथे 'डीईआय' हा शब्द मी एकदाही ऐकला नाही. बसचं भाडं मिळालं का आणि पिझ्झा पुरला का, एवढेच प्रश्न असायचे. त्यामुळे मला वाटतं ज्याला सगळे शिव्या देतायत ते आणि पारिजातकताई करत होत्या ते, ह्या दोन गोष्टी एकाच छपराखाली राहायला गेल्या आणि छप्पर पाडताना दोन्हींवर पडलं.

दोन_पोरांचा_बाप
हे मात्र पटलं. बसभाडं आणि पिझ्झ्याला माझा विरोध कधीच नव्हता. मग ताई, कायद्यात तेवढं चालतं का? का तेही बंद?

पारिजातक_टेक्सास
दोन दिवस कामात होते, आता सगळं वाचून काढलं. श्रीरंगदादा, तुमचं नाव यापुढे नीट घेईन.

@दोन_पोरांचा_बाप, प्रश्न अगदी नेमका विचारलात. कायद्यात चालतं. वंश, लिंग, वर्ण न बघता विद्यार्थ्यांचा अभ्यास सुधारावा म्हणून केलेल्या कामाला स्पष्ट सूट आहे. आमचं मुख्य काम 'फर्स्ट जेन' मुलांसाठी होतं, म्हणजे ज्यांच्या आईवडिलांपैकी कुणीच पदवीधर नाही. त्यात सगळ्या रंगांची मुलं असतात. कागदावर ते चालू आहे, आजही.

पण कायदा एक आणि कायद्याची धास्ती वेगळी. राज्याचे ऑडिटर येऊन तपासणार, पैसा अडकणार, मग वकिलांनी 'संशय असेल तर काढा' हे धोरण घेतलं. ऑस्टिनच्या यूटीने (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासने) तर विभागाचं नाव बदलूनही एप्रिल २०२४मध्ये तो बंदच केला आणि माणसं घरी पाठवली, ते पेपरात आलंच. ते पाहून बाकीच्यांची गाळण उडाली. आमच्याकडे वेबसाइटवरून आधी शब्द गेले, मग फोटो गेले, मग पानंच गेली. एका बैठकीत अर्धा तास ह्यावर चर्चा झाली की माहितीपत्रकात 'सर्वांचं स्वागत आहे' म्हणावं का. 'सर्वांचं' ह्या शब्दाचा काय अर्थ काढतील म्हणून.

नक्की काय गेलं, ते एका मुलाच्या गोष्टीवरून सांगते. (तपशील थोडे बदललेत.)

टेक्सासात कॉलेजात पहिल्यांदा येणाऱ्या बावीस वर्षांखालच्या मुलाला मेंदूज्वराची, मेनिंजायटिसची, लस घेतल्याचा दाखला द्यावा लागतो, वर्ग सुरू होण्याच्या दहा दिवस आधी. दाखला नसेल तर नोंदणीवर 'होल्ड' लागतो. मेक्सिकोच्या सीमेलगतच्या रिओ ग्रँड व्हॅलीतला एक मुलगा, वर्गात पहिला, दोन_पोरांचा_बाप म्हणतात तसल्या आडगावच्या शाळेतला. त्याला होल्ड लागल्याचे सात ईमेल गेले होते. विद्यापीठाने दिलेला पत्ता त्याने उघडलाच नव्हता, कारण त्याचा आपला जीमेल होता. आईच्या फोनवर मेसेज आला, तिला वाटलं पैसे उकळणारे आहेत, तिने नंबर ब्लॉक केला. शहाणीच ती, मीही केला असता. इकडे रसायनशास्त्राचा वर्ग भरत चालला होता.

२०२२मध्ये अशा मुलांची यादी दर सोमवारी माझ्या टेबलावर यायची आणि मी आणि दोन विद्यार्थी-साहाय्यक एकेकाला फोन करायचो. माझं स्पॅनिश कामचलाऊ आहे, पण 'वाकुना' आणि 'मान्याना' एवढ्यावर भागतं. त्याच्या आईशी बोलले, तिने आधी मला खडसावलं, मग रडली. काउंटीच्या दवाखान्यात लस मिळाली, दाखला फॅक्सने आला, फॅक्सने! जागा मिळाली. आता तो मुलगा फार्मसीला आहे.

आज ती यादी माझ्याकडे येत नाही. ते दोन साहाय्यक 'डीईआय'च्या बजेटमधून होते, ते बजेट गेलं. आता पोर्टल आहे, त्यावर लाल चिन्ह येतं आणि एक चॅटबॉट आहे. चॅटबॉट चोवीस तास उपलब्ध आहे. ज्या मुलाने ईमेल उघडला नाही तो पोर्टल कशाला उघडेल, हा प्रश्न मी बैठकीत विचारला, तर म्हणाले 'चांगला मुद्दा आहे' आणि लिहून घेतला.

नांदेडवाल्या दादांचं स्टेटमेंट, दोन उंट, चाळीस मिनिटांची कार्टूनं, ह्यातलं काहीच वाचवावं असं मलाही वाटत नाही. खरं सांगायचं तर अशी दोन प्रशिक्षणं मीच घेतलीयत. लोक खाली फोन बघत बसायचे, मी वर बघत बसायचे. निळी_शाई, तुमच्या 'इतर' वर मात्र मी फार वेळ थांबले. आमच्या स्क्रीनवरही तीच यादी होती, आणि मी मराठी असून मला त्यात काय नाही ते कधी दिसलं नाही. ठेचाभाऊ, त्या मावशी म्हणजे आमची सोमवारची यादीच होती हो.

वऱ्हाडी_ठेचा
मावशीले सांगतो. खूश होईल. आता तिचा पोरगा तलाठी आहे.

प्राध्यापक_निवृत्त
ताई, तुमची अडचण लक्षात आली. एकच शंका. ते दोन साहाय्यक पुन्हा नेमायला आता पाटीची गरज आहे का? 'स्टुडंट सक्सेस'च्या नावाखाली मागून पाहिलंत?

पारिजातक_टेक्सास
मागितले, सर. दोनदा. पहिल्यांदा उत्तर आलं की वकिलांकडे पाठवलंय. दुसऱ्यांदा, बजेट वर्ष संपलंय. जानेवारीत तिसऱ्यांदा मागणार आहे, ह्या वेळी अर्जात 'मेंदूज्वर प्रतिबंध' असं लिहून. त्याला तरी कुणी राजकारण म्हणणार नाही.

चकलीचा_साचा
लसीकरण? अमेरिकेत? राजकारण नाही?? ताई, तुम्ही पाककृती विभागातच बऱ्या.

पारिजातक_टेक्सास
अगं बाई. खरंच की. मग 'रजिस्ट्रेशन होल्ड कमी करणे' लिहिते.

बेसमेंटमधला_बंडू
चिवडा संपला. ताई, त्या मूळ पाटीचं काय झालं ते शेवटपर्यंत सांगितलं नाहीत. मेंटेनन्सवाल्याने तुमच्या हातात दिली होती ती.

पारिजातक_टेक्सास
विद्यापीठाची मालमत्ता, फेकता येत नाही, म्हणून सरप्लसला, म्हणजे जुनं सामान विकणाऱ्या विभागाला, पाठवायचा फॉर्म भरला. ते म्हणाले, पाटीसाठी त्यांच्याकडे कोड नाही. सोफ्यासाठी होता. आमच्या ऑफिसात एक तपकिरी सोफा होता, रात्रपाळी करून आलेली मुलं आठच्या लेक्चरपर्यंत त्यावर झोपायची. तो सरप्लसच्या विक्रीत पंधरा डॉलरला निघाला, मीच घेतला. गराजमध्ये आहे, नवऱ्याला आवडत नाही. पाटी त्याच्या गादीखाली सरकवलीय.